विडी वळते की ओढते? (केसपेपर वाचायला संगणकाला शिकवताना)

रेकॉर्डरूम

सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात गेले सात महिने रोज संध्याकाळी दोन तास जातेय. नाव लिहीत नाही, उगाच कोणाला त्रास नको. पोटापाण्याची नोकरी सॉफ्टवेअरची, घरून. रुग्णालयात मेडिकल रेकॉर्डची एक खोली आहे, तिथे कापडात बांधलेले जुने गठ्ठे छतापर्यंत गेलेत. त्यांना हात लावायची माझी टाप नाही. पण अलीकडच्या वर्षांच्या डिस्चार्ज समरी टाइप केलेल्या आहेत, वर्डच्या फाइलींत, इंग्रजीत. निदान इंग्रजी अक्षरांत तरी.

तिथल्या छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, "श्वासाची तक्रार घेऊन आलेल्यांत यंत्रमागावरचे किती आणि विडीवाल्या बायका किती, एवढं काढून देशील का?" मी म्हटलं, दोन दिवसांचं काम. शब्द शोधायचे, मोजायचे, एक्सेल द्यायचं.

दोन दिवसांनी एक्सेल दिलं. पहिल्याच पानावर साठी ओलांडलेल्या आज्ज्यांची रांग आणि प्रत्येकीपुढे "धूम्रपान: होय". डॉक्टरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "यातल्या किती जणींना तू विडी ओढताना पाहिलंस?"

समरीत लिहिलेलं असतं "बिडी +, ३० इयर्स". ती बाई तीस वर्षं विडी वळते. सोलापुरात हे कुणाला सांगायला लागत नाही, म्हणून लिहिणाऱ्यानेही लिहिलेलं नाही.

एक समरी इथे देते. वय, तारखा, तपशील बदललेत, घाट तोच आहे:

"५८ / स्त्री. के/सी/ओ डीएम, एचटीएन. सी/ओ कफ, ब्रेथलेसनेस सिन्स ३/१२. नो एच/ओ टीबी. हजबंड: टीबी, एकेटी टेकन. बिडी + ३० इयर्स. मिश्री +. टॅब मेटफॉर्मिन ५०० बीडी."

(के/सी/ओ म्हणजे आधीपासूनचा आजार, डीएम मधुमेह, एचटीएन उच्च रक्तदाब, सी/ओ तक्रार, कफ म्हणजे इथे इंग्रजीतला खोकला, एच/ओ पूर्वेतिहास, एकेटी टीबीची औषधं.) माझ्या प्रोग्रामने यातून काय काढलं ते बघा. खोकला ३ डिसेंबरपासून (३/१२ म्हणजे तीन महिने, ३/७ म्हणजे तीन दिवस, ३/५२ म्हणजे तीन आठवडे, ही डॉक्टरांची जुनी लघुलिपी). टीबी: आहे (नवऱ्याचा हिच्या खात्यात). धूम्रपान: आहे. आहार: खडीसाखर. होय, मिश्रीची खडीसाखर झाली! दातांना लावायची जाळलेल्या तंबाखूची मिश्री कुठल्याही बाहेरच्या शब्दकोशात नव्हती. मधुमेही बाई रोज खडीसाखर खाते असा अहवाल निघाला. आणि कळस म्हणजे औषधापुढचं "बीडी", म्हणजे दिवसातून दोनदा, तेही विडीच्या रकान्यात जाऊन बसलं. बाई विडी ओढते याचा दुसरा पुरावा.

हसून झाल्यावर शिकायला बसले. तीन कामं वेगवेगळी आहेत हे उशिरा कळलं. आधी वाक्यातला नेमका तुकडा सापडायला हवा (कफ, ब्रेथलेसनेस, टीबी). मग तो तुकडा आहे की नाही, कुणाचा आणि कधीचा, हे ठरायला हवं. मग तो एका पक्क्या संकल्पनेला बांधायला हवा, म्हणजे "डीएम", "शुगर", "मधुमेह", "डायबेटिस" हे सगळे एकाच खुंटीला अडकतात. ही खुंट्यांची भिंत म्हणजे ऑन्टॉलॉजी. मी स्नोमेड सीटी वापरतेय, वैद्यकीय संकल्पनांचा आंतरराष्ट्रीय साठा, प्रत्येकीला एक कोड. भारत २०१४ पासून त्यांचा सदस्य आहे, त्यामुळे आपल्याला फुकट मिळतं, पुण्याच्या सी-डॅकमधल्या राष्ट्रीय केंद्रात नोंदणी करून.

कुणी असं काम केलंय का? विशेषतः विडी आणि मिश्रीचं काय केलंत?

---

तिरकस

एवढी उठाठेव कशाला ताई? समरी उचलायची, चॅटजीपीटीत टाकायची, "तक्ता बनव" म्हणायचं. दोन मिनिटं.

---

रेकॉर्डरूम

@तिरकस, पेशंटचे कागद बाहेरच्या सर्व्हरवर टाकायला ना डॉक्टर तयार, ना मी. ते बाजूला ठेवलं तरी करून पाहिलं, मी स्वतः रचलेल्या खोट्या समरीवर. वाक्यं छान समजतो. "हजबंड: टीबी" पहिल्या फटक्यात बरोबर. पण कोड मागितला की गाडी घसरते. आकडे इतके बेमालूम ठोकून देतो की खरेच वाटतात. मधुमेहाचा स्नोमेड कोड ७३२११००९, हा बरोबर आला. त्याखालचे तीन तपासले, त्यातले दोन अस्तित्वातच नव्हते.

आता रुग्णालयातल्याच एका मशीनवर छोटं भाषा-मॉडेल चालवते. त्याचं काम फक्त तुकडा उचलणं. कोड मात्र टेबलातूनच घ्यायचा, मॉडेलने सांगितलेला नाही. टेबलात नसेल तर रकाना रिकामा.

---

नवीपेठ

वाचतोय. पण ऑन्टॉलॉजी म्हणजे नुसता समानार्थी शब्दांचा कोशच ना? त्याला एवढं भारदस्त नाव कशाला?

---

कोशातला_किडा

@नवीपेठ, नाही. तुम्ही "मावशी" म्हणता तेव्हा ती बाई आहे, आईची बहीण आहे, तिचा मुलगा तुमचा मावसभाऊ लागतो, हे मी विचारत नाही. शब्दाबरोबर नातं येतं. कोश तुम्हाला सांगेल की मावशी म्हणजे आईची बहीण. ऑन्टॉलॉजी त्यापुढे जाऊन हिशेब करते. "आईच्या माहेरची सगळी माणसं दाखव" म्हटलं की मावशी, मामा, आजोबा, मावसभाऊ सगळे येतात, भले त्यांच्यापुढे "माहेर" हा शब्द कुणी लिहिला नसेल.

स्नोमेडमध्ये साडेतीन लाखांहून जास्त संकल्पना आहेत आणि त्यांची अशी नाती. न्यूमोनियापुढे जागा म्हणून फुप्फुस, विकृती म्हणून दाह. तुम्ही "फुप्फुसाचे सगळे आजार" मागितलेत तर न्यूमोनिया आपोआप येतो. समरीत "लंग" हा शब्द नसला तरी.

अमरकोशाची आठवण काढणारे येतीलच, म्हणून आधीच लिहितो: त्यात मनुष्यवर्गात रोगांची नावं पर्यायांसकट एकत्र बांधलेली आहेत. मांडणी वर्गांची आहे, पण एका रोगाचं दुसऱ्याशी नातं काय ते तिथे नाही. पाठ करायला उत्तम, हिशेबाला नाही.

अवांतर: ऑन्टॉलॉजीला "संकल्पनाजाल" म्हणावं असं माझं मत. पण लोक ऑन्टॉलॉजीच म्हणणार.

---

स्टेथोस्कोप_खुंटीवर

निवृत्त फिजिशियन, शिक्षण इथलंच, मेडिकल कॉलेजचं. ताई, तुमची समरी वाचून शरमलो, कारण अशा हजारो मीही लिहिल्यात.

तुम्ही इंग्रजी समरींशी लढताय, ओपीडीचे कागद अजून उघडलेले दिसत नाहीत. तिथे पेशंटचे शब्द जसेच्या तसे असतात. "अंगावरून जातंय" म्हणजे पांढरं किंवा लाल, हे पुढे विचारावं लागतं. "अंगावरून वारं गेलं" म्हणजे अर्धांगवायू. पहिले दोन शब्द तेच आणि आजार डोक्यापासून पायापर्यंत वेगळा. "बीपी आहे" म्हणजे उच्च रक्तदाब. "बीपी बघा" म्हणजे मोजा. "बीपी लो झालं" म्हणजे चक्कर आली, बऱ्याचदा बीपी ठीकच असतं. "नागीण" म्हणजे हर्पिस झोस्टर. तुमच्या मॉडेलने सर्पदंश म्हणून नोंदवला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आणि आमची लघुरूपं. "पीआयडी" हाडाच्या डॉक्टरने लिहिलं तर मणक्यांमधली चकती सरकली, स्त्रीरोगतज्ज्ञाने लिहिलं तर ओटीपोटातला संसर्ग. "आरटीए" बहुतेक वेळा रस्त्यावरचा अपघात, पण किडनीच्या डॉक्टरकडे तो एक किडनीचा आजार. तेव्हा कागद कुठल्या विभागाचा आहे हे आधी वाचायला शिकवा, शब्द नंतर.

एक सूचना, रागावू नका. "यंत्रमाग आणि श्वास" म्हटलं की लोकांच्या तोंडी लगेच बिसिनोसिस येतं, कापसाच्या धुळीने होणारं श्वासाचं दुखणं. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक कोडयादीत जे६६.०. पण ते मुख्यतः कापूस पिंजणाऱ्या आणि कार्डिंगच्या (तंतू विंचरण्याच्या) खात्यातलं दुखणं, जिथे कच्च्या कापसाची धूळ असते. विणकामात धूळ त्यामानाने पुष्कळ कमी. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल या इथल्या कापडगिरण्या चालू होत्या त्या काळातल्या खात्यावरचा माणूस आणि आजचा टॉवेल विणणारा माणूस, दोघांपुढे "मिल वर्कर" किंवा "लूम वर्कर" लिहिलेलं असेल तर तुमचा आकडा फसवा निघेल. बिसिनोसिसची खूण म्हणजे सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभर कमी होत जाते. निदान सुरुवातीच्या टप्प्यात. ही गोष्ट केसपेपरवर कुणी लिहिलीय का ते बघा. बहुधा नाही.

---

रेकॉर्डरूम

@स्टेथोस्कोप_खुंटीवर, सर, रागावणं कसलं, हे प्रिंट काढून भिंतीला लावलंय. "सुट्टी", "हॉलिडे", "मंडे" सगळं शोधलं. श्वासाच्या तक्रारीबरोबर एकाही समरीत नाही. म्हणजे आजार नाही असं नव्हे, विचारलंच गेलं नाही एवढंच म्हणता येतं. आता तक्त्यात "नाही" आणि "लिहिलेलं नाही" असे दोन वेगळे रकाने केलेत. आधी दोन्हींना शून्य होतं!

---

मात्रा_वेलांटी

भाषेवाल्यांच्या बाजूने एक भर. "नाही" ओळखायची एक जुनी साधी पद्धत आहे, नेगेक्स, २००१ मधली, पिट्सबर्गच्या वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांची. "नो", "डिनाइज", "विदाउट" असे शब्द धरायचे आणि त्यांच्या आसपासच्या पाच शब्दांच्या टप्प्यात लक्षण आलं तर ते "नाही" समजायचं. इतकी साधी, तरी इंग्रजीत बऱ्यापैकी चालते. पुढे त्याचाच विस्तार झाला, कॉनटेक्स्ट नावाचा. तो कुणाचं आणि कधीचं हेही बघतो. ताईंच्या "हजबंड: टीबी" साठी तोच लागेल.

पण मराठी ओपीडी कागदांवर हे जसंच्या तसं लावलंत तर तोंडघशी पडाल. इंग्रजीत नकार बहुधा आधी येतो, आपल्याकडे शेवटी. "ताप, खोकला, उलटी काही नाही" मध्ये "नाही" वाक्याच्या टोकाला बसून मागच्या तिघांना पुसतो. "ताप नाही, खोकला आहे" मध्ये एकालाच. स्वल्पविराम कुठे आहे यावर सगळं, आणि स्वल्पविराम कोण देतो?

त्याहून वाईट: "ताप उतरला नाही." यात "नाही" आहे आणि ताप जोरात आहे. "भूक लागत नाही" मध्ये "नाही" हेच लक्षण. "झोप नाही" तसंच. म्हणजे नुसता नकार पकडून भागत नाही, कशाचा नकार हे क्रियापदाला विचारावं लागतं. मी एक यादी केली होती: उतरणे, थांबणे, कमी होणे, बरे होणे, जाणे. ही क्रियापदं आली की नकाराचा अर्थ उलटा. यादीत "जाणे" घातलं आणि "चालवत नाही, जिना चढून जाणे होत नाही" हे वाक्य समोर आलं. तिथे ते सोडून दिलं.

---

तिरकस

माझा दोन मिनिटांचा प्रस्ताव मी मागे घेतो.

---

कडक_भाकरी

का बे, एवढ्यात माघार? अजून मिश्री कुठे संपलीय :)

---

पूर्वभाग

पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू, बाहेर मराठी. आई अजून विडी करते. "वळते" आम्ही फार म्हणत नाही, "करते" म्हणतो. सकाळी कारखान्यात जाऊन पानं-तंबाखू आणायची, दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायचं, दुसऱ्या दिवशी विड्या मोजून द्यायच्या. खराब निघालेल्या बाजूला काढतात, त्यावरून रोज भांडण. तिने आयुष्यात एक विडी ओढली नाही. तिला वासच नको असतो.

पण तिच्या केसपेपरवर काय असेल ते आज कळलं. मागे एकदा डॉक्टरांनी तिला "आता विडी सोडा" सांगितलं होतं. ती म्हणाली, सोडली तर खाऊ काय? ते म्हणाले, माणसाने मनावर घेतलं तर सगळं सुटतं. घरी येऊन आम्ही हसलो होतो. दोघं दोन वेगळ्या विड्यांबद्दल बोलत होते.

आणखी एक. तिच्या वयाच्या बायका दवाखान्यात मराठीच बोलतात, पण दुखणं तेलुगूत सांगतात. खोकल्याला "दग्गु". अक्कलकोटकडच्या कन्नड बायका "केम्मु" म्हणतील. लिहिणारी नर्स जे कानावर पडलं ते लिहिते.

---

रेकॉर्डरूम

@पूर्वभाग, ताई, या एका प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं.

तुमचं वाचून "विडी"चा एक रकाना मोडला आणि तीन केले. व्यवसाय: विडी कामगार. सवय: धूम्रपान. संपर्क: तंबाखूची धूळ, हाताला आणि श्वासात. तुमच्या आईचं पहिलं आणि तिसरं "होय", दुसरं "नाही". स्नोमेडमध्ये व्यवसाय वेगळ्या फांदीवर आहे आणि धूम्रपान वेगळ्या, त्यामुळे दोन्ही एकत्र व्हायचं कारणच नव्हतं. गाठ मी मारली होती. "विडी कामगार" असा नेमका शब्द तिथे मला सापडला नाही, म्हणून स्थानिक भर घातलीय, वरच्या तंबाखू-कामगाराला जोडून. मिश्रीही तशीच, धूररहित तंबाखूच्या खाली. खडीसाखर हद्दपार.

यावरून आठवलं. २००६ मध्ये अमेरिकेत याच विषयावर एक स्पर्धा झाली होती, डिस्चार्ज समरीवरून धूम्रपानाची स्थिती ओळखायची. पाच कप्पे होते: सध्या ओढतो, पूर्वी ओढायचा, ओढतो पण कधी ते कळत नाही, ओढत नाही, माहिती नाही. नुसतं "बिडी +" लिहिलेल्या तुमच्या आईला त्या पाचांत बरोबर बसवणं अवघडच गेलं असतं. त्यांचा दोष नाही, त्यांच्या गावात कुणी मांडीवर सूप घेऊन बसत नव्हतं.

"दग्गु" आणि "केम्मु" यादीत घातले. दग्गु नऊ ठिकाणी निघाला, रोमन अक्षरांत, तीन वेगवेगळ्या स्पेलिंगांनी. मी त्याला आतापर्यंत टायपिंगची चूक समजून गाळत होते.

---

वकील_पार्कचौक

सगळं छान चाललंय, पण पेशंटची नावं काढलीत का? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून ठेवा. आणि रुग्णालयाच्या आचारसमितीची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको. उद्या डॉक्टर बदलले तर तुमच्या हातात काही नाही.

---

रेकॉर्डरूम

@वकील_पार्कचौक, लेखी आहे, काम सुरू व्हायच्या आधीची. नावं, फोन, पत्ते काढूनच फाइल माझ्याकडे येते. पण नावं काढणं हेही फजितीचं काम आहे. नावं गाळणाऱ्या प्रोग्रामने पार्किन्सन आणि हॉजकिन या आजारांच्या नावांनाही माणसं समजून गाळलं. म्हणजे पेशंटला आजारच उरला नाही. उलट बाजूने, नाव गाळलं पण "अमुक पेठेतल्या देवळामागचा, दोन्ही पाय नसलेला सायकल दुरुस्तीवाला" तसाच राहिला. अख्ख्या पेठेला कळेल कोण ते. असे कागद मी आणि रेकॉर्डच्या मावशी हाताने बघतो. मावशी दहावी पास, पण अशी ओळख त्यांना माझ्याआधी दिसते.

---

कोशातला_किडा

एक व्यावहारिक प्रश्न. तपासता कसं? मॉडेल बरोबर की चूक हे कोण ठरवतं?

---

रेकॉर्डरूम

दोनशे समरी मी आणि छातीच्या डॉक्टरांच्या हाताखालच्या एका निवासी डॉक्टरने वेगवेगळ्या वाचल्या, एकमेकांचं न बघता. मग जुळवल्या. जुळल्या नाहीत त्या घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे. गंमत म्हणजे आमची भांडणं आजारांवरून फारशी झालीच नाहीत, झाली ती "जुना" आणि "चालू" यावरून. "ओल्ड पीटीबी" (जुना फुप्फुसाचा टीबी) लिहिलेल्या माणसाला आज टीबी आहे की पूर्वी होऊन गेलेला? एकेटी किती महिने घेतली हे असेल तर कळतं, नसेल तर मोठे डॉक्टर म्हणतात, "एक्सरे काढा." कागदाचा एक्सरे कसा काढायचा?

---

स्टेथोस्कोप_खुंटीवर

पूर्वभाग यांच्या आईंना "विडी सोडा" सांगणारा डॉक्टर मी नसेन अशी आशा करतो, पण खात्री देता येत नाही.

आठवड्यातून दोन सकाळी अजून एका मोफत दवाखान्यात बसतो. काल शिक्का करून घेतला, चौकोनी, तीन ओळींचा: "विडी करते / विडी ओढते / मिश्री लावते". कंपाउंडरने विचारलं, साहेब, हे काय नवीन? म्हटलं, टिक कर. पहिल्या दिवशी अकरा बायका आल्या. अकराही "करते"वर टिक. एकीने स्वतःच पेन मागून घेतलं आणि "ओढते"वर फुली मारली, कागद फाटेस्तोवर.

---

रेकॉर्डरूम

सर, शिक्क्याचा फोटो पाठवा. चौथी ओळ मावेल का बघा: "कामाच्या सुट्टीनंतर छाती आवळते का?"

---

पूर्वभाग

आईला वाचून दाखवलं. ती विचारतेय, शिक्क्यावर "करते" लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं.